बाबांनी बंद केलेल्या गोळ्या

बाबांची अँजिओप्लास्टी होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. त्यांचं कपाट आवरताना स्वेटरखाली रक्त पातळ करणाऱ्या गोळीची तीन पाकिटं तशीच न फोडलेली सापडली. विचारलं तर म्हणाले, "आता गरज नाही. नसा आतून साफ होतायत."

झालं असं, की गावातल्या मंगल कार्यालयात 'मोफत हृदय तपासणी' शिबिर लागलं होतं. तिथे हातात धातूची दांडी धरायला दिली आणि दोन मिनिटांत लॅपटॉपवर 'ब्लॉकेज ६०%' असं लाल अक्षरांत आलं. दांडी धरून ब्लॉकेज कळत नसतं हो! पण माणूस एकदा मरणाच्या दारातून परत आला की त्याला काहीही खरं वाटतं. तीन महिन्यांचा कोर्स म्हणून डबी दिली, १४,८०० रुपये रोख. वर ताकीद, की 'इंग्रजी गोळ्या चालू ठेवल्या तर गुण येणार नाही.' मला सगळ्यात जास्त राग याच वाक्याचा आहे.

डॉक्टरांकडे धावलो. ते म्हणाले, स्टेंटवर, म्हणजे नस उघडी ठेवायला बसवलेल्या जाळीवर, आतलं अस्तर नीट धरेपर्यंत तिथे रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या एकत्र साधारण सहा महिने ते वर्षभर द्याव्या लागतात. मनाने बंद केल्या तर पुन्हा झटका येऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्या डबीत लसणाचा अर्क होता. मूळ गोळ्यांबरोबर तो भरपूर घेतला असता तर रक्तस्रावाचा धोका, म्हणजे दोन्हीकडून मरण. कोलेस्टेरॉलची गोळीही बाबांनी सोडली होती. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ६२ वरून १४१ वर गेलं होतं.

डबीवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर होता, तो दाखवून 'सरकारमान्य' म्हणून सांगितलं होतं. तो नंबर खाद्यपदार्थाच्या परवान्याचा असतो. त्याने आजार बरा होतो असं कुणी तपासलेलं नसतं. तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजीत छापलं होतं, की हे औषध नाही. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही. हृदयरोग बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पावती नाही, फोन बंद. डबी आणि शिबिराचं पत्रक घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे. तीच माणसं आता शेजारच्या तालुक्यात बसतात असं कळलंय. तुमचे आईवडील गावी असतील तर आजच फोन करा, आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत एवढंच विचारू नका, कुठल्या बंद केल्या तेही विचारा.