शनिवार की रविवार? अमेरिकी फुटबॉलच्या नव्या प्रेक्षकासाठी एक तुलना

अमेरिकेत सप्टेंबर उजाडला की फुटबॉलचा हंगाम सुरू होतो आणि शनिवार-रविवारची वाटणी आपोआप होते. शनिवार विद्यापीठांच्या संघांचा असतो, तर रविवार एनएफएलच्या (नॅशनल फुटबॉल लीग) व्यावसायिक संघांचा. शिक्षणासाठी किंवा नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या आणि या खेळाची नुकतीच गोडी लागलेल्या माणसाला लवकरच प्रश्न पडतो की आपला वेळ यांपैकी कशाला द्यावा. कारण एकेक सामना तीन तासांहून अधिक चालतो आणि दोन्ही दिवस टीव्हीसमोर घालवणे घरसंसार असलेल्या कोणालाच जमत नाही. माझा कौल शनिवारच्या बाजूने आहे. तो देताना माझा कल ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघाकडे आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. मात्र हा कौल सरसकट सर्वांना लागू पडेल असे मी मानत नाही, आणि गेल्या चार-पाच वर्षांत विद्यापीठीय खेळात जे घडले आहे ते पाहता रविवारची बाजू पूर्वीपेक्षा पुष्कळच भक्कम झाली आहे.

निव्वळ खेळाचा दर्जा पाहिला तर तुलनेला फारसा वावच राहत नाही. एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत आणि त्यांतील खेळाडू शंभराहून अधिक विद्यापीठांच्या संघांतून निवडून आलेले असतात, त्यामुळे शनिवारी जो क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) सहज मोकळा साथीदार शोधतो, त्यालाच रविवारच्या खेळात चेंडू फेकायला हातभर फट मिळत नाही. मैदानाच्या कडेला झेल घेणाऱ्याचे दोन्ही पाय रेषेच्या आत पडले पाहिजेत, असा व्यावसायिक खेळाचा नियम आहे. विद्यापीठीय खेळात एक पाय पुरतो. या एका फरकावरून दोन्हीकडच्या कसबाच्या अपेक्षेचा अंदाज येतो. उलट, विद्यापीठीय खेळात डावपेचांची विविधता अधिक असते, चुका अधिक होतात आणि त्या चुकांमुळेच सामने वेडीवाकडी वळणे घेतात. बरोबरीनंतरच्या जादा खेळात तेथे प्रत्येक संघाला प्रतिस्पर्ध्याच्या २५ यार्डांच्या रेषेवरून संधी मिळते आणि निकाल लागेपर्यंत खेळ चालू राहतो, तर एनएफएलच्या साखळी सामन्यात दहा मिनिटांच्या जादा वेळेनंतर सामना बरोबरीतच सुटू शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये डॅलस काउबॉइज आणि ग्रीन बे पॅकर्स यांचा सामना ४०-४० असा सुटला, तेव्हा दोन्हीकडचे चाहते सारख्याच हिरमुसल्या मनाने उठले असतील. या बाबतीत मला विद्यापीठीय पद्धत निर्विवाद सरस वाटते.

न्याय्य स्पर्धेच्या दृष्टीने मात्र एनएफएलची रचना विचारपूर्वक केलेली आहे. सर्वांत तळाच्या संघाला पुढील ड्राफ्टमध्ये (विद्यापीठांतून येणाऱ्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पहिली निवड मिळते, प्रक्षेपणाचे राष्ट्रीय उत्पन्न सर्व संघांत समान वाटले जाते आणि १९९४ पासून प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर कमाल मर्यादा आहे. याचा परिणाम प्रत्यक्ष दिसतो. वॉशिंग्टन कमांडर्सने २०२३ च्या हंगामात १७ पैकी केवळ ४ सामने जिंकले, त्या अपयशामुळे त्यांना ड्राफ्टमधील दुसरी निवड मिळाली, तीतून जेडन डॅनियल्स हा क्वार्टरबॅक आला आणि पुढच्याच हंगामात संघाने १२ सामने जिंकून सुपर बोलच्या (एनएफएलच्या अंतिम सामन्याच्या) उंबरठ्यापर्यंत मजल मारली. २००८ मध्ये सोळाच्या सोळा सामने हरलेल्या डेट्रॉइट लायन्सनी २०२४ मध्ये १५ सामने जिंकले. आपला संघ आज रसातळाला असला तरी दोन-तीन वर्षांत वर येऊ शकतो, हा भरवसा व्यावसायिक खेळाच्या चाहत्याला नियमांनीच दिलेला आहे.

विद्यापीठीय खेळात असा भरवसा नव्हता. अलाबामा, जॉर्जिया, ओहायो स्टेट अशी मोजकी नावे वर्षानुवर्षे वरच्या ओळीत बसत आणि बाकीच्यांनी त्यांच्याकडून मार खावा, अशी जणू वाटणीच झालेली होती. म्हणून जानेवारी २०२६ मध्ये इंडियाना विद्यापीठाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, ही मला या खेळातील अलीकडची सर्वांत मोठी घटना वाटते. २०२३ मध्ये या संघाने ३ सामने जिंकले होते आणि ९ गमावले होते; त्यांच्या इतिहासातही पराभवांचीच गर्दी होती. कर्ट सिग्नेटी हे जेम्स मॅडिसन विद्यापीठातून प्रशिक्षक म्हणून आले, तेथील अनेक खेळाडू त्यांच्यासोबत आले, पुढे कॅलिफोर्नियाहून फर्नांडो मेंडोझा हा क्वार्टरबॅक आला आणि दुसऱ्याच हंगामात हा संघ सोळाही सामने जिंकून अजिंक्य राहिला. अंतिम सामन्यात त्यांनी मायामीला मायामीच्याच नेहमीच्या मैदानावर २७-२१ असे हरवले. त्या वाटेत बिग टेन कॉन्फरन्सच्या (एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाच्या) अंतिम सामन्यात त्यांनी ओहायो स्टेटलाही १३-१० असे नमवले होते, आणि तो पराभव मला लागला असला तरी इंडियानाच्या यशाचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

हे यश ज्या दारातून आले त्याच दाराबद्दल जुन्या चाहत्यांची सर्वांत मोठी तक्रार आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. १ जुलै २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी संघ बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसण्याची सक्ती पहिल्या बदलापुरती उठली आणि २०२४ मध्ये बदलांच्या संख्येवरचे बंधनही गेले. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार आता विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटा देऊ शकतात. या पैशामुळे खेळ नासला, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. लाखभर प्रेक्षकांची तिकिटे, अब्जावधींचे प्रक्षेपणहक्क आणि प्रशिक्षकांचे कोट्यवधींचे करार हे सर्व ज्यांच्या गुडघ्यांवर आणि डोक्यांवर उभे होते, त्यांना केवळ शिष्यवृत्तीवर भागवायला लावणे हा अन्याय होता आणि तो दूर झाला, याचा मला मनापासून आनंद आहे. अजूनही एनएफएलच्या खेळाडूंना संघटना, सामूहिक करार आणि निवृत्तिवेतन आहे, तर विद्यापीठीय खेळाडूंना यांपैकी काहीही नाही. त्यामुळे खेळाडूंच्या हक्कांचा विचार करून ज्याला निवड करायची आहे त्याने रविवारकडे वळावे, हे मी मान्य करतो.

मात्र दरवर्षी संघ बदलण्याने एक गोष्ट हरवते आहे, आणि ती म्हणजे ओळख. अठराव्या वर्षी आलेला मुलगा चार वर्षांत डोळ्यांदेखत घडताना पाहणे हे शनिवारचे खास सुख होते. जानेवारी २०२५ मध्ये उपांत्य फेरीत ओहायो स्टेट सात गुणांनी पुढे होती आणि टेक्सासचा संघ अखेरच्या मिनिटांत टचडाउनच्या (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन गुण मिळवण्याच्या) अगदी जवळ येऊन ठेपला होता. चौथा डाउन, म्हणजे शेवटची संधी. जॅक सॉयरने टेक्सासच्या क्विन युअर्सवर झेप घेतली, त्याच्या हातातून चेंडू उडवला, तो स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड धावत जाऊन टचडाउन केला. सॉयर हा ओहायो स्टेटच्या कोलंबस शहराच्या उपनगरातच वाढलेला, चारही वर्षे त्याच संघात राहिलेला मुलगा. आणि युअर्स हा २०२१ मध्ये ओहायो स्टेटमध्ये असताना त्याचाच खोलीतला सोबती, जो पुढे टेक्सासला निघून गेला. राहणारा आणि गेलेला असे दोघे त्या एका क्षणात समोरासमोर आले. स्टेडियमभर जो जल्लोष झाला त्यात सॉयर ‘आपल्यातला’ असल्याचा वाटा किती मोठा होता, हे चार वर्षे त्याला पाहिलेल्यांनाच उमगले. संघबदलाच्या नोंदणीच्या ‘पोर्टल’मुळे असे सॉयर यापुढे कमी होत जातील, अशी मला भीती वाटते.

दुसरी झीज सामन्यांच्या वजनाची आहे. ओहायो स्टेट आणि मिशिगन हे १८९७ पासून एकमेकांशी खेळत आले आहेत आणि नोव्हेंबरच्या अखेरीस होणाऱ्या त्यांच्या सामन्यावर संपूर्ण हंगाम तोलला जात असे. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी कोलंबसमध्ये मिशिगनने ४५ सेकंद उरले असताना २१ यार्डांवरून फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून मारून मिळणारे तीन गुण) मारला आणि सामना १३-१० असा जिंकला. सामना संपल्यावर मिशिगनच्या खेळाडूंनी मैदानाच्या मध्यावर आपला ध्वज रोवण्याचा प्रयत्न केला, हाणामारी झाली आणि पोलिसांना तिखटाचा फवारा मारावा लागला. ओहायो स्टेटचा तो त्या हंगामातला दुसरा पराभव होता. चार संघांच्या जुन्या प्लेऑफमध्ये (विजेतेपदाच्या बाद फेरीत) दोन पराभव झालेल्या संघाला कधीच प्रवेश मिळाला नव्हता. पण २०२४ पासून प्लेऑफ बारा संघांची झाली, ओहायो स्टेटला जागा मिळाली आणि टेनेसी, ऑरेगॉन, टेक्सास व नोत्र दाम यांना ओळीने हरवून तिने विजेतेपद पटकावले. त्या विजयाने मी हरखून गेलो. तरीही त्या नोव्हेंबरच्या पराभवाची शिक्षा एवढी हलकी व्हायला नको होती, असे माझे मत आजही आहे. एनएफएलमध्ये १४ संघ प्लेऑफला जातात, म्हणून तेथे एखाद्या रविवारच्या पराभवाने चाहता फारसा खचत नाही. शनिवारचे वेगळेपण एकेका पराभवाच्या धसक्यात होते आणि ते आता पातळ झाले आहे.

प्रक्षेपणाच्या पैशासाठी कॉन्फरन्सची जी मोडतोड झाली, तिचे मात्र मला कोणतेच समर्थन सापडत नाही. शतकाहून जुनी पॅक-१२ एका उन्हाळ्यात विस्कटली. लॉस एंजेलिसची यूसीएलए आता न्यू जर्सीच्या रटगर्सबरोबर एकाच कॉन्फरन्समध्ये आहे, आणि पॅसिफिक किनाऱ्याजवळचे स्टॅनफर्ड चक्क ॲटलांटिक किनाऱ्याच्या नावाने चालणाऱ्या कॉन्फरन्समध्ये खेळते. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा प्रवास करतो, त्याचे निभते. परंतु व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुलींना मधल्या वारी वर्ग बुडवून देश ओलांडावा लागतो.

इतके सगळे असूनही मी शनिवार का निवडतो? कारण विद्यापीठाचा संघ गाव सोडून जात नाही. एनएफएलचे संघ खासगी मालकीचे आहेत आणि मालकाच्या सोयीने ते हलतात: रॅम्स २०१६ मध्ये सेंट लुईसहून, चार्जर्स २०१७ मध्ये सॅन डिएगोहून लॉस एंजेलिसला गेले, रेडर्स २०२० मध्ये ओकलंड सोडून लास व्हेगासला गेले, आणि मागे राहिलेल्या चाहत्यांच्या हाती जुने जर्सी तेवढे उरले. मिशिगनचे १,०७,६०१ आसनांचे स्टेडियम ॲन आर्बरमध्येच राहणार, हे तेथील प्रत्येक पोराला ठाऊक असते. कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि दिलबहार यांच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर जी पेठ विरुद्ध पेठ अशी ईर्षा दिसते, तिच्या जवळ जाणारे अमेरिकेत काही असेल तर ते शनिवारीच दिसते. शिवाय पर्ड्यू, ॲरिझोना स्टेट, ओहायो स्टेट अशा विद्यापीठांत शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींना हा संघ निवडावा लागत नाही, तो प्रवेशपत्रासोबतच मिळतो, आणि परक्या देशात पहिल्या हिवाळ्याच्या आत आपलेपणाचा एक विषय हाती येतो. ॲरिझोना स्टेटच्या विद्यार्थ्यांनी २०२४ चा हंगाम आठवावा: बिग १२ चे विजेतेपद, आणि मग १ जानेवारी २०२५ रोजी टेक्सासविरुद्ध दुसऱ्या जादा डावात ३९-३१ असा निसटलेला सामना.

ज्यांचा कोणत्याही अमेरिकी विद्यापीठाशी संबंध नाही, त्यांच्यासाठी हे गणित बदलते. उसन्या विद्यापीठाचा अभिमान बाळगणे अवघड जाते, तेव्हा त्यांनी राहत्या शहराचा एनएफएल संघ धरावा. शहरालाही संघ नसेल तर ग्रीन बे पॅकर्सचा विचार करावा. सुमारे एक लाख वस्तीच्या गावातला हा संघ कोणा एका मालकाचा नसून भागधारक चाहत्यांचा आहे, त्यामुळे तो कुठे हलवला जाण्याची भीती नाही.

बास्केटबॉलमध्ये माझा कौल उलटा आहे, तो थोडक्यात सांगतो. मार्चमधली ६८ संघांची विद्यापीठीय स्पर्धा तीन आठवडे अवश्य पाहावी, कारण एका सामन्याच्या बाद पद्धतीत सोळावे मानांकन असलेली फेअरली डिकिन्सन २०२३ मध्ये पहिल्या मानांकनाच्या पर्ड्यूला ६३-५८ असे घरी पाठवू शकते. महिलांचे सामने पुरुषांच्या तोडीने पाहावेत; २०२४ मध्ये महिलांच्या अंतिम सामन्याला पुरुषांच्या अंतिम सामन्याहून अधिक प्रेक्षक लाभले होते. त्यानंतर एप्रिलपासून मात्र एनबीए या व्यावसायिक स्पर्धेतील सात सामन्यांच्या मालिका पाहाव्यात. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सात वेगवेगळे संघ विजेते झाले आहेत, म्हणजे चुरशीची उणीव तेथेही भासत नाही. साखळीतल्या ८२ सामन्यांसाठी झोपमोड करण्याची गरज नाही.

महाराष्ट्रात राहून पाहणाऱ्यांना वेळेचा हिशेबही निर्णायक ठरेल. शनिवारचा दुपारी बाराचा सामना भारतात रात्री साडेनऊला सुरू होतो आणि रविवारचा एनएफएलचा पहिला सामना साडेदहाला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे मागे गेली की दोन्ही एक तास उशिरा येतात. सुपर बोल तर सोमवारी पहाटे पाचला येतो आणि तो पाहायचा असेल तर रजा आधीच टाकावी लागते. शनिवारी रात्री जागरण केले तर दुसऱ्या दिवशी सुट्टी असते. मिशिगन-ओहायो स्टेटचा सामना बहुतेक वर्षी दुपारी बारालाच असतो, म्हणजे आपल्याकडे नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी रात्री साडेदहाला. सुरुवात त्या सामन्यापासून करावी, असे मी सुचवेन.