घडीची व्हीलचेअर, नऊ महिन्यांनंतर: खुर्ची चांगली, पण त्या पट्टीनं घात केला

मागच्या महिन्यात मिरजेत भर रस्त्यात आईच्या खुर्चीची पोटरीमागची पट्टी तुटली, तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं. मग तीन आठवडे कंपनीशी फोनाफोनी झाली, ती पण आता संपली, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या किमतीतल्या बऱ्याच खुर्च्यांना अशीच पट्टी लावलेली असते, मी सांगलीतल्या दोन दुकानांत जाऊन हातानं ओढून बघून आले.

खुर्ची कुठली ते थोडक्यात. ॲल्युमिनियमची, घडीची, चारही चाकं लहान, म्हणजे मागून कुणीतरी ढकलायची, बसणाऱ्यानं स्वतः चाक फिरवायची सोय नाही. वजन साडेदहा किलो, मला ७,८०० रुपयांना पडली. बाकी मापं सगळीकडं लिहिलेली असतात.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते, माझी आई चालते. ७४ वर्षांची आहे, घरात स्वयंपाकपाणी सगळं करते, काठी लागत नाही. पण बाहेर पाचशे पावलं झाली की गुडघा धरतो आणि मग ती टेकायला जागा शोधत राहते, कुणाचा कठडा, दुकानाची पायरी, काहीही. त्यामुळं हळूहळू तिनं बाहेर पडणंच सोडलं. "तुम्ही जाऊन या, मी आहे घरी." हे वाक्य ज्यांच्या घरात ऐकू येतं त्यांच्यासाठीच हे लिहितेय. व्हीलचेअर म्हणजे ज्याला चालताच येत नाही त्याच्यासाठी, असं आपल्याकडं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, माझ्याही होतं. खुर्ची जानेवारीत घरी आली आणि दोन महिने दाराआड नुसती उभी होती, कारण आई म्हणायची मी काय अपंग झाले का.

ते कोडं सोडवलं मोठ्या मावशीनं. मावशी ७९ ची, पुण्याला असते, पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट झाल्यापासून तिला कुणाची सोबत लागत नाही, आधार कार्ड पर्समध्ये टाकून एकटी येते. मार्चमध्ये आली, खुर्ची बघितली, सरळ जाऊन बसली आणि म्हणाली, "चला, मला गणपतीला न्या." दुसऱ्या दिवशी आई बसली. मी दोन महिने समजावून जे झालं नाही ते तिच्या बहिणीनं एका मिनिटात केलं.

तर पहिला दिवस सांगलीतलाच. सकाळी साडेसातला गणपती मंदिर. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या काळातलं ते काळ्या दगडाचं काम सकाळच्या उन्हात बघण्यासारखं असतं आणि त्या वेळी गर्दी नसते, पण खरं कारण वेगळंच. मार्चपासून पुढं दहा वाजले की फरशी तापते आणि चप्पल काढून म्हाताऱ्या माणसानं त्यावर कसं चालायचं? आईला मी सुती मोजे घातले होते, तुम्ही पण न्या. गाभाऱ्यापर्यंत खुर्ची नेली नाही, आवारात सावलीला लावली, दोघी हात धरून आत जाऊन आल्या आणि आळीपाळीनं बसल्या. मावशी मग चोर गणपतीचं सांगत बसली, चतुर्थीच्या आधी प्रतिपदेलाच गुपचूप बसतो तो, कागदाच्या लगद्याचा, लहानपणी या दोघी कशा पहाटे बघायला यायच्या. अर्धा तास कुणी उठा म्हणालं नाही, हेच मला हवं होतं.

तिथून रिक्षानं राजवाड्यावरून आयर्विन पुलाकडं. १८४३ साली याच राजवाड्यात पहिलं मराठी नाटक झालं हे रिक्षावाले मामा आम्हालाच सांगत होते. पूल १९२९ चा. उतरायचं नाही असं मी आधीच ठरवलं होतं, मामांना फक्त हळू घ्या म्हटलं. २०१९ च्या महापुरात इथं पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं, आईनं रिक्षातूनच हात वर करून मावशीला दाखवलं कुठपर्यंत ते. बस्स, एवढंच बघितलं आणि अकराच्या आत घरी. जेवण, झोप, चारचा चहा.

संध्याकाळी हरिपूर. संगमेश्वराचं दर्शन घेऊन घाटाच्या वर खुर्ची लावली, ब्रेक दाबला आणि कृष्णा-वारणेचा संगम वरूनच बघितला. घाटाच्या पायऱ्या उतरायचा मोह होतो, पण उतरलेलं परत चढायचं असतं आणि ते दमलेल्या पायांनी, म्हणून नको. मावशीनं हळदीच्या पेवांचा विषय काढला. आमच्या आजोबांची हळद हरिपुरात पेवात असायची, जमिनीखाली खोल खड्डा, वर तोंड बंद, वर्षानुवर्षं हळद टिकायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, नाहीतर माणूस दगावतो, हे दोघींना अजून आठवत होतं. मी सांगलीत जन्म काढला पण हे पहिल्यांदा ऐकलं. खुर्ची नसती तर आम्ही दर्शन घेऊन दहा मिनिटांत परत फिरलो असतो.

दिवसात दोनच ठिकाणं, मध्ये घर किंवा पाठ टेकायला खोली, आणि कमोड कुठं आहे ते आधी माहीत पाहिजे. हे तिसरं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. बाहेर जायचं म्हटलं की आई सकाळपासून पाणीच पीत नाही, आणि उन्हाळ्यात हे फार वाईट. आता मी आदल्या दिवशी एखाद्या हॉटेलात जाऊन बघून येते, कमोड आहे का, आत धरायला काही आहे का, आणि नाश्ता तिथंच करायचा. मावशीची पाण्याची गोळी, म्हणजे लघवी जास्त होते ती, सकाळची असते, ती बाहेरच्या दिवशी कधी घ्यायची ते तिच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. तुम्ही पण विचारा, मनानं बदलू नका.

आता खुर्ची. पहिले तीन-चार महिने मी सगळ्यांना सांगत होते की लहान चाकांची घेऊन चूक केली, पेव्हर ब्लॉकच्या फटीत पुढची चाकं अडकतात. ते मत मी बदललंय. सरळ रेटायचंच नाही. मागं खाली जो दांडा असतो त्याच्यावर पाय देऊन पुढची चाकं जराशी उचलायची आणि मागच्या चाकांवर पुढं घ्यायची, उंबरा असो नाहीतर फट. हे दुकानदारानं सांगितलंच नव्हतं, मला जूनमध्ये कळलं. आणि मोठ्या चाकांची खुर्ची सोळा-सतरा किलोची, ती मी एकटीनं डिकीत टाकू शकले नसते, म्हणजे ती पण दाराआडच राहिली असती. ही फूटरेस्ट काढून रिक्षात पायाशी उभी बसते. सांगली सपाट आहे, सांगलीला ही पुरते.

साताऱ्याला पुरत नाही. सप्टेंबरमध्ये मामाकडं गेलो होतो. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेलं गाव, कुठंही जा, चढ नाहीतर उतार. मामाच्या घराच्या बोळातून उतरताना आई ६८ किलो, खुर्ची साडेदहा, आणि ते सगळं माझ्या दोन मनगटांवर. या खुर्चीला ब्रेक आहेत ते चाकापाशी, उभी केल्यावर दाबायचे. ढकलणाऱ्याच्या हाताशी, सायकलसारखा, ब्रेक नाही. मामाचा मुलगा धावत येऊन पुढं उभा राहिला. मग त्यानं सांगितलं की उतारावर खुर्ची उलटी फिरवायची, आपण खालच्या बाजूला आणि खुर्ची आपल्या अंगावर घेत मागं मागं उतरायचं. तसं केलं आणि आई शांत बसली, कारण पुढं पडायची भीती जाते. साताऱ्यासारख्या चढउताराच्या गावात राहणाऱ्यांनी हँडलला ब्रेक असलेलीच घ्या, पाचशे-हजार जास्त गेले तरी.

तरी साताऱ्याचा दिवस चांगला गेला. २०२४ च्या जुलैत लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा आईला जायचं होतं, पण त्या गर्दीत रांगेत कसं उभं करणार म्हणून मी नेलं नव्हतं आणि ते तिनं मनात ठेवलं होतं. वाघनखं आता तिथून हलली होती, तरी या वेळी संग्रहालय दाखवायला नेलं. ती शेजारून चालत होती, मी रिकामी खुर्ची ढकलत होते, दमली की बसायची, मग परत उठायची, सगळं निवांत बघितलं. दुपारी झोप आणि संध्याकाळी गाडीनं अजिंक्यताऱ्यावर, गाडी दरवाज्याच्या जवळपर्यंत जाते. आई गाडीतून उतरली नाही, काच खाली करून खालचं सगळं सातारा बघत बसली. किल्ला चढला नाही म्हणून तिचं काही अडलं नाही.

आता मिरज. ऑक्टोबर, मावशी परत आली होती. मावशी लग्नाआधी गाणं शिकलेली, तिला एकदा सतारमेकरांकडं जायचं होतं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हापासून तिचं चाललं होतं. एका दुकानात त्यांनी आम्हाला बसायला दिलं, भिंतीला पंढरपूरकडचे वाळलेले भोपळे टांगलेले. कारागीर तानपुऱ्याची जवारी काढत होते. घोडी, म्हणजे तारा ज्याच्यावर टेकतात तो तुकडा, कानशीनं जरा घासायची, तार चढवून छेडायची, मग तारेखाली सुताचा दोरा हळूच सरकवायचा, आणि एका जागी तो कोरडा आवाज एकदम भरून येतो, घुमायला लागतो. मावशीनं डोळे मिटले आणि अगदी बारीक आवाजात सा लावला. आई तिच्याकडं बघत राहिली. तासभर बसलो, एक पाऊल चाललो नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी असली ठिकाणं शोधा, जिथं बसूनच बघायचं असतं.

तिथून मीरासाहेब दर्ग्याकडं निघालो, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं उरुसात गाणं होतं तिथं मावशीला जायचं होतं. आई खुर्चीत. रस्त्यात एक छोटा खड्डा, हिसका बसला, आणि पट्टी सुटली. ही पट्टी काय करते ते समजून घ्या. पाय ठेवायच्या दोन फळ्या असतात, त्यांच्या मागं आडवी ही पट्टी, म्हणजे पाय मागं घसरू नये. ती नसली की टाच फळीवरून मागं पडते, पाऊल जमिनीला लागतं, आपण मागून ढकलतच असतो कारण आपल्याला ते दिसत नाही, आणि पाय खुर्चीखाली दुमडतो. आई ओरडली म्हणून थांबले. टाचेची कातडी सोलली, घोटा दोन दिवस सुजला. नशीब हाड वाचलं. ७४ वर्षांच्या बाईचं हाड म्हणजे काय ते घरात बघितलेल्यांना सांगायला नको.

आणि कबूल करते, मार्चमध्ये मी ही पट्टी काढूनच ठेवली होती, उठताबसता आडवी येते म्हणून. सांगलीचा तो सगळा दिवस आई पट्टीशिवाय बसली होती. आज आठवलं की पोटात गोळा येतो. ब्रेक, चाकं, गादी यावर सगळे लिहितात, पट्टीवर एक ओळ कुणी लिहीत नाही.

कंपनीला फोन केला. पट्टी वेगळी मिळत नाही मॅडम, फूटरेस्टचा पूर्ण जोड घ्यावा लागेल, १,८५० रुपये. वॉरंटी? फक्त सांगाड्याला. फोटो पाठवले, आईच्या टाचेचा पण पाठवला. तक्रार दोनदा "निराकरण झाले" म्हणून बंद केली, मी दोनदा परत उघडली. तिसऱ्यांदा फोनवर मुलगी म्हणाली, ते वापरातलं झिजणं आहे. आठ महिन्यांत, आठवड्यातून एकदा वापरून? मी तुटलेली पट्टी मोजपट्टीनं मोजली, एक इंच रुंद, वेलक्रो, आणि शिवण एकच ओळ, तीही कडेला. ७,८०० रुपयांच्या खुर्चीत माणसाचा पाय ज्याच्यावर अवलंबून तिथं दोऱ्याची एक ओळ वाचवली. मला राग पैशाचा नाही, १,८५० मी देऊ शकते, पण त्या नव्या जोडावर पण तीच पट्टी असणार.

शेवटी शाळेची दप्तरं शिवणाऱ्याकडं गेले. त्यांनी जुनी पट्टी हातात घेतली, एक झटका दिला, उरलेली शिवण पण उसवली. "ताई, ह्यावर पाय ठेवता व्हय?" एवढंच म्हणाले. मोठ्या दप्तराच्या खांद्याला लागते ती नायलॉनची निवार काढली, दोन्ही टोकांना चौकोन आणि मध्ये फुली अशी शिवण घातली आणि प्लॅस्टिकचं बकल लावलं. ९० रुपये. तीन आठवडे झाले, चार वेळा बाहेर गेलो, हलली नाही.

खुर्ची घ्या का म्हणाल तर घ्या, आई नऊ महिन्यांत जितकी बाहेर पडली तितकी आधीच्या चार वर्षांत पडली नव्हती. पण घरी आणल्या दिवशी आधी पट्टी बदला. निवार दोन इंच रुंद घ्या, आमच्या १८ इंची सीटच्या खुर्चीला बकल धरून साधारण २२ इंच लागली, पण आपल्या खुर्चीच्या दोन नळ्यांमधलं अंतर मोजूनच कापायला सांगा, आणि ती जराशी सैल ठेवा, पोटरीला काचता कामा नये. बकल बाजूला घ्या, मधोमध नको, म्हणजे उतरताना आपल्याला वाकून एका हातानं सोडता येतं.