शरणपूर ते मोम्बासा : एका ट्रॅव्हल एजन्सीच्या सेवेविषयी

आमच्या चर्चच्या मंडळीचा एक गट नेत्रतपासणी शिबिराच्या सेवाकार्यासाठी नुकताच केनियातील मोम्बासा येथे जाऊन आला. प्रवासाची सर्व व्यवस्था नाशिकमधील एका ट्रॅव्हल एजन्सीकडे होती. कागदपत्रांच्या बाबतीत ही एजन्सी अत्यंत चोख आहे. परंतु तिकिटे काढण्याची तिची पद्धत गटाला परदेशात अडकवून ठेवणारी आहे. एजन्सीचे नाव मी देत नाही, कारण वेगवेगळ्या तिकिटांची जी जोडाजोड तिने केली ती इतरही अनेक ठिकाणी होते आणि ती ओळखता येणे नावापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

मोम्बासाच का, असे अनेकांनी विचारले. नाशिकमधील शरणपूरच्या मिशन वसाहतीत गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना शिक्षण दिले जात असे आणि त्यांच्यापैकी अनेक जण पुढे मोम्बासाजवळ १८७५ च्या सुमारास वसलेल्या फ्रिअर टाउन येथे कामाला गेले. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी व संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत १८७४ मध्ये इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट हाही नाशिकच्याच शाळेचा विद्यार्थी होता. त्यामुळे आमच्या ज्येष्ठ सभासदांना हा दौरा केवळ शिबिराचा वाटत नव्हता, आणि म्हणूनच त्यात काही बिघडू नये अशी सर्वांची इच्छा होती.

एजन्सीच्या जमेच्या बाजू प्रथम नोंदवतो. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ईटीए ही ऑनलाइन पूर्वपरवानगी सुरू केली आहे. ती प्रत्येकाच्या पासपोर्टशी नावे अक्षरशः जुळवून वेळेत काढून दिली गेली. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते आणि ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरले जाते, हे कार्यालयातील ताईंनी पहिल्याच भेटीत बजावले होते. प्रमाणपत्र नसल्यास मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते, हे ऐकल्यावर टाळाटाळ करणारे काकासुद्धा लस घेऊन आले. औषधांच्या आयातीवर तेथील फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डाचे नियंत्रण असल्याने औषधे येथून नेऊ नका, तेथेच विकत घ्या, हा सल्लाही योग्य होता. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, त्यामुळे सामान कापडी पिशव्यांत भरण्याची सूचनाही मिळाली. मुंबईपर्यंतची बस उत्तम होती. चालकाने कसारा घाट टाळून इगतपुरीहून समृद्धी महामार्गाने आमणेपर्यंत आणले.

आता तिकिटांविषयी. मुंबई ते आखाती देशातील विमानतळ आणि तेथून नैरोबी हा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षणावर, होता. नैरोबी ते मोम्बासा हे देशांतर्गत विमान मात्र दुसऱ्या कंपनीचे, स्वतंत्र तिकिटाचे होते. आमच्या पाळकसाहेबांनी हे पाहून विचारणा केली तेव्हा, “साहेब, मध्ये चार तास आहेत, काही काळजी करू नका, आणि माणशी बरीच बचत होते,” असे उत्तर मिळाले. प्रत्यक्षात मुंबईचेच विमान तांत्रिक कारणाने कित्येक तास उशिरा सुटले आणि पुढील विमान चुकले. येथे एकाच पीएनआरचा लाभ दिसला : विमान कंपनीने जेवणाची कूपने दिली आणि जादा पैसे न घेता सर्वांना नंतरच्या विमानात जागा दिली, कारण शेवटच्या ठिकाणापर्यंत पोहोचवणे ही तिचीच जबाबदारी होती. वयस्कर मंडळींनी ती रात्र विमानतळावरील खुर्च्यांवर काढली, हे खरे. पण निदान पुढे जाण्याची खात्री होती.

नैरोबीत उतरलो तेव्हा मोम्बासाचे विमान केव्हाच निघून गेले होते, आणि त्या कंपनीच्या दृष्टीने आम्ही वेळेवर न आलेले प्रवासी होतो. आधीच्या विमानाच्या उशिराशी तिचा काहीही संबंध नव्हता, आणि नियमाने पाहिले तर तिचे म्हणणे चूक नव्हते. संपूर्ण गटाची तिकिटे बुडाली. आमच्या विमा पॉलिसीत चुकलेल्या विमानाची भरपाई होती, परंतु ती एकाच आरक्षणातील प्रवासापुरती; ही अट तिकीट काढण्याआधी सांगणे एजन्सीचे कर्तव्य होते. माणशी वाचलेली रक्कम नव्या तिकिटांत दुपटीहून अधिक गेली असती, म्हणून आम्ही विमानाचा नाद सोडून रेल्वेने जाण्याचे ठरवले.

त्यातच चष्म्यांच्या दोन पेट्या आल्या नाहीत. या वेळी एजन्सीतील तरुणाने, नाशिकमध्ये पहाट असतानाही, फोनवर नेमके मार्गदर्शन केले : विमानतळ सोडण्याआधी सामान विभागात पीआयआर हा तक्रार अहवाल नोंदवा, त्याचा क्रमांक घ्या आणि सामानाच्या चिठ्ठ्या फेकू नका. भारत २००९ पासून ज्यात सहभागी आहे त्या मॉन्ट्रियल करारानुसार, सामान उशिरा मिळाल्यास ते हाती आल्यापासून २१ दिवसांत आणि मोडतोड झाली असल्यास सात दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ च्या अखेरीस प्रतिप्रवासी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) करण्यात आली आहे. ही रक्कम आपोआप मिळत नाही, प्रत्यक्ष खर्चाच्या पावत्या लागतात. पेट्या शिबिर सुरू झाल्यावर पोहोचल्या, आणि पहिल्या दिवशी तपासलेल्या रुग्णांना चष्म्यांसाठी पुन्हा बोलवावे लागले.

परतल्यावर बुडालेल्या तिकिटांविषयी एजन्सीला पत्र दिले. उत्तर सौजन्याचे होते, पण “विमानाचा उशीर आमच्या हातात नसतो” यापलीकडे त्यात काही नव्हते. उशीर त्यांच्या हातात नव्हता हे मान्य. संपूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर काढणे मात्र पूर्णपणे त्यांच्याच हातात होते.

कागदपत्रे आणि फोनवरील मदत यांसाठी पाचपैकी पाच, तिकीट नियोजनासाठी एक, असे माझे गुण आहेत. या किंवा अन्य एजन्सीकडून गट नेताना संपूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर असल्याचे लेखी घ्यावे. मोम्बासाला जाणाऱ्यांनी शेवटचा टप्पा सरळ रेल्वेने करावा : स्टेशन नैरोबी विमानतळापासून जवळ आहे, गाडी त्सावो राष्ट्रीय उद्यानातून जाते, आणि गाडीत चढण्यापूर्वी सामानाची श्वानांकडून तपासणी होत असल्याने तेथे बराच वेळ आधी पोहोचावे.