गावाचा आकडा कुठून घ्यायचा: जनगणना की एनएफएचएस?

ग्रामपंचायतीचा विकास आराखडा असो, संस्थेचा निधीसाठीचा प्रस्ताव असो की एमएसडब्ल्यूचा, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा, प्रबंध, पहिल्या दोन पानांत लोकसंख्या, साक्षरता आणि लिंग गुणोत्तर यांचा तक्ता हटकून असतो. असे प्रस्ताव तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. चुका बहुतेक त्या तक्त्यातच सापडतात, कारण एक आकडा 2011 च्या जनगणनेतला, दुसरा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला, म्हणजे एनएफएचएसमधला, आणि दोन्ही एकाच रकान्यात बसवलेले.

कुठला घ्यायचा हे ठरवताना आधी एवढंच बघा: तुमचं काम केवढ्या जागेपुरतं आहे? गाव, वाडी किंवा शहरातला वॉर्ड असेल तर जनगणनेला पर्यायच नाही. प्रगणक प्रत्येक दारात जातो. मागच्या वेळी 9 ते 28 फेब्रुवारी 2011 या दिवसांत देशभरात सुमारे 27 लाख माणसं या कामावर होती. त्यामुळे गावात घरं किती, सहा वर्षांपर्यंतची मुलं किती, अनुसूचित जाती-जमातीचे लोक किती, शेतमजूर किती, हे सगळं गावाच्या नावानिशी मिळतं.

एनएफएचएसचं तसं नाही. पाचव्या फेरीत (2019-21) 707 जिल्ह्यांतल्या 6,36,699 कुटुंबांची माहिती घेतली, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी नऊशे घरं. निवडलेल्या एकेका गावातून किंवा वस्तीतून 22 घरं घेतात. तुमचं गाव त्यात असण्याची शक्यता फार कमी, आणि असलं तरी 22 घरांवरून गावाची टक्केवारी काढता येत नाही. तरीही 'आमच्या गावात इतके टक्के मुलं खुरटलेली' असं लिहून खाली जिल्ह्याचा आकडा दिलेला मी कितीदा पाहिलाय. त्यापेक्षा अंगणवाडीतलं वजनाचं रजिस्टर मागून घ्या. ते तुमच्याच गावातल्या मुलांचं असतं.

पण प्रश्न तब्येतीचा असेल आणि जिल्ह्यापुरता असेल, तर जनगणना काहीच सांगत नाही. प्रगणक बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन बघत नाही, मुलांची उंची मोजत नाही, लसीकरणाचं कार्ड मागत नाही. हे सगळं एनएफएचएसच्या पाचव्या फेरीत पथकांनी केलं. सर्वेक्षणाची सूत्रं मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे असतात. जिल्ह्याच्या पत्रकात एखादा आकडा कंसात दिसला तर तो 25 ते 49 जणांच्याच माहितीवर काढलेला असतो. त्याहून कमी असतील तर आकड्याच्या जागी फुली असते. कंस काढून तो आकडा प्रस्तावात टाकू नका, ही माझी हात जोडून विनंती.

दोन्ही स्रोत एकत्र केले की काय होतं, ते लिंग गुणोत्तरात दिसलं. 2011 च्या जनगणनेत देशात हजार पुरुषांमागे 943 स्त्रिया होत्या. एनएफएचएसच्या पाचव्या फेरीत आकडा आला 1020, आणि देशात स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त झाली अशा बातम्या झळकल्या. हा आकडा काढला आदल्या रात्री घरात झोपलेल्या माणसांवरून. परगावी कामाला गेलेला पुरुष त्यात येत नाही, आणि तो राहतो ती बराक किंवा वसतिगृह नमुन्यात नसतंच. त्याच अहवालात आधीच्या पाच वर्षांतल्या जन्मांच्या वेळचं गुणोत्तर 929 होतं. मुलींबद्दल काळजी करायची तर हा आकडा वाचायला हवा होता.

म्हणून जनगणनेवर डोळे मिटून विसंबावं असंही नाही. बीड, अहिल्यानगरकडच्या गावांसाठी तर मी नेहमी थांबते. गणना फेब्रुवारीत होते, तेव्हा ऊसतोडीचा हंगाम चालू असतो. गणनेचे सगळे दिवस जे गावाबाहेर असतात, त्यांची नोंद ते जिथे सापडतील तिथे होते, म्हणजे उसाच्या फडावर, मजुरांच्या कोपीत (झोपडीत). गावच्या आकड्यात ती कुटुंबं नसतात. अशा गावात शाळा किंवा पाण्याची योजना आखताना रेशनकार्डं आणि शाळेचा पट सोबत ताडून बघा.

जनगणनेची फाइल उघडल्यावर दोन खड्डे ठरलेले. तालुक्याच्या ओळी एकूण, ग्रामीण आणि नागरी अशा तीन असतात. गाळणी (फिल्टर) न लावता बेरीज मारलीत तर लोकसंख्या दुप्पट होते. दुसरा खड्डा साक्षरतेचा: साक्षरांना एकूण लोकसंख्येने भागायचं नाही, त्यातून सहा वर्षांपर्यंतची मुलं वजा करायची. एनएफएचएस साक्षरता देतं ती बहुतांशी 15 ते 49 वयाच्या स्त्री-पुरुषांची, तेव्हा तिची जनगणनेशी तुलना नको.

पालघरवाल्यांना आणखी एक काम आहे. जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला, त्यामुळे 2011 च्या यादीत तो ठाण्यातच आहे. वसई, वाडा, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि पालघर हे आठ तालुके उचलून बेरीज करावी लागते.

नव्या जनगणनेसाठी थांबायचं का, हे हल्ली बरेच जण विचारतात. तिची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. गावनिहाय तक्ते त्यानंतरच येणार. राज्याचा ताजा अंदाज हवा असेल तर 2011 ते 2036 चं लोकसंख्येचं अधिकृत प्रक्षेपण (प्रोजेक्शन) आहे, पण ते जिल्ह्यापर्यंत उतरत नाही. प्रस्ताव यंदाचा असेल तर 2011 चाच आकडा घ्या, त्यापुढे साल ठळक लिहा आणि शेजारी यंदाचा शाळेचा पट जोडा.