लेन्स हीटर पट्टी, एका हिवाळ्यानंतर: गरम होते झकास, वायर मात्र टाकाऊ

थंडीत कॅमेऱ्याच्या लेन्सवर हिम किंवा दव धरू नये म्हणून तिच्याभोवती गुंडाळायची, पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी: पाच व्होल्ट, दहा वॅट, उष्णतेच्या तीन पातळ्या, वेल्क्रो. उत्तर नॉर्वे-स्वीडनमध्ये हिवाळ्यात गाडीने फिरत अरोराचे (ध्रुवाजवळ रात्रीच्या आकाशात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशाचे) फोटो काढायचे तर ही पट्टी घ्यावी का, एवढाच प्रश्न. घ्या, पण वायर कापायची तयारी ठेवून घ्या.

निरभ्र रात्री लेन्सची पुढची काच उघड्या आकाशाकडे उष्णता सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. मग तिच्यावर हिमकण धरतात. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोजवळ फ्योर्डच्या (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या) काठी हवा दमट, तिथे मधली पातळी लागते. स्वीडनमधलं आबिस्को डोंगरांच्या आडोशाला, कोरडं. तिथे सर्वांत खालची पुरते. वरची पातळी म्हणजे नुसती बॅटरीची उधळपट्टी.

आता वायर. साधी पीव्हीसीची, पट्टीला कायमची जोडलेली. उणे वीसच्या खाली ती तारेसारखी ताठ होते, वाऱ्यात कॅमेरा हलवते आणि पाच सेकंदांच्या फोटोत तारे लांबट येतात. एवढंही सोसलं असतं. पण पट्टीत शिरते तिथे तिला ताण झेलणारं रबर नाही, त्यामुळे आतली तार नेमकी तिथेच तुटते. त्यात पातळी दाखवणारा दिवा तुटीच्या अलीकडे, बटणाच्या डबीत! पट्टी थंडगार पडली तरी तो खुशाल जळत राहतो आणि काच पांढरी झाल्यावर कळतं. मल्टिमीटर लावा: चांगल्या पट्टीचा रोध अडीच ओहमच्या आसपास येतो, वायर वाकवताना आकडा उडाला तर निदान पक्कं.

विक्रेत्याचं उत्तर: वॉरंटी पट्टीला, वायरीला नाही. वायर पट्टीला चिकटवून विकायची आणि हिशोब वेगळा ठेवायचा! यावरून रेटिंगमध्ये पाचपैकी दोनच तारे दिले होते.

मत बदललं ते दुरुस्तीनंतर. डबीच्या पुढची वायर कापून २२ गेजची सिलिकॉन आवरणाची वायर डाग देऊन जोडली, वर श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी). आत नुसता रोध आहे, प्लस-मायनस उलटं झालं तरी चालतं. वायरीचा एक सैल वेढा झिप टायने ट्रायपॉडला बांधा, म्हणजे ताण जोडावर येत नाही. खर्च किरकोळ, सिलिकॉन त्या थंडीतही मऊ राहतं. आता चार तारे. पाचवा त्या वायरीने खाल्ला.

पट्टी काचेच्या जवळ, पण फोकस रिंगच्या पुढे गुंडाळा. आधी पंधरा-वीस मिनिटं तापू द्या, मग लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, तारा मोठा करून फोकस लावा आणि रिंगला टेप मारा. उलट क्रमाने केलंत तर तापताना फोकस सरकू शकतो. लेन्सपुढे लावलेली सपाट काच, म्हणजे यूव्ही फिल्टर, काढाच. अरोराचा हिरवा प्रकाश ५५७.७ नॅनोमीटरच्या एकाच रेषेचा असल्याने सपाट काचेमुळे फोटोच्या मध्यावर वर्तुळं उमटतात. कॅमेऱ्याचं सेटिंग: छिद्र एफ/२.८, संवेदनशीलता आयएसओ १६०० ते ३२००. अरोरा वेगाने नाचत असेल तर शटर दोन-तीन सेकंद उघडं, मंद असेल तर आठ-दहा.

दहा हजार एमएएचची पॉवर बँक कागदावर ३७ वॅट-तासांची. पट्टी सहा वॅट घेत असेल तर, गळती धरून, पाच तास. थंडीत त्याहून कमी. लोकरी मोज्यात घालून टांगा. गारठलेली बँक गाडीत आणून लगेच चार्जिंगला लावू नका: शून्याखाली लिथियम-आयन चार्ज केली की आत धातूचा थर बसतो आणि क्षमता कायमची जाते. कॅमेराही बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करून मग गाडीत घ्या, नाहीतर उबेत सगळीकडे पाणी धरतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भंडारदऱ्याला आकाशगंगा टिपताना दवासाठी हीच पट्टी, खालच्या पातळीवर, पुरेशी होते. तिथल्या थंडीत मूळ वायरही ताठत नाही. फक्त जोडापाशी वाकवू नका.