१०० की २०० मीटर बॅकस्ट्रोक?

बॅकस्ट्रोक, म्हणजे पाठीवर पोहण्याच्या प्रकारात, मुलीने कोणते अंतर धरावे, हा प्रश्न बेळगावच्या गोवावेस तलावावर सराव करणाऱ्या मुलींच्या पालकांत वारंवार निघतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या केली मॅककिओनने दोन्ही शर्यती जिंकल्या आणि दोन्हींत अमेरिकेची रीगन स्मिथ दुसरी आली. मॅककिओनला १०० मीटरला ५७.३३ सेकंद, तर २०० मीटरला २ मिनिटे ३.७३ सेकंद लागले. म्हणजे दुप्पट अंतराला दुपटीहून नऊ सेकंद जास्त, आणि खरा फरक इथेच आहे.

५० मीटरच्या तलावात १०० मीटरला एकच वळण असते, त्यामुळे ते चुकले की भरपाईला जागा उरत नाही. २०० मीटरला तीन वळणे येतात. प्रत्येक भिंतीपासून १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहण्याची मुभा असली, तरी तिसऱ्या वळणानंतर, मांड्या भरून आलेल्या असताना, श्वास रोखून डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारलेले फटके) मारत राहणे फार थोड्या जणींना जमते. भिंतीच्या ५ मीटर अलीकडे टांगलेल्या पताका दिसताच भिंतीपर्यंतचे हात (हाताचे फटके) मोजायचे, हे दोन्हीकडे सारखेच. फक्त दमल्यावर हात आखूड पडतो आणि ठरलेला आकडा फसतो.

माझे मत २०० मीटरच्या बाजूने आहे, निदान चौदा-पंधरा वर्षांपर्यंत तरी. तिथे कमावलेला दम १०० मीटरला उपयोगी पडतो. नुसत्या वेगावर वाढलेली मुलगी मात्र २०० मीटरला शेवटच्या पन्नासात मागे पडते. जिच्या पायांत उपजतच स्फोटक ताकद आहे, तिने खुशाल १०० मीटर धरावे.