ठाण्याच्या नौपाड्यातला फ्रेमवाला : घुबड मस्त बसवलं, तारीख मात्र पाळली नाही

स्टार चार. पाचवा का कापला ते पुढे येतंच.

भाचा टोरांटोहून येताना एक प्रिंट घेऊन आला, इन्युइट लोकांची (तिथल्या पार उत्तरेचे मूळ रहिवासी). कॅनडाच्या पार वरच्या टोकाला किन्गाइट म्हणून छोटं गाव आहे, नकाशात बरीच वर्षं केप डॉर्सेट होतं, 2020 मध्ये त्यांनी आपलं मूळ नाव परत घेतलं. चित्रात एक घुबड, पंख पसरलेलं, आणि खाली पेन्सिलने 31/50, म्हणजे पन्नास प्रतींपैकी 31 नंबरची. चार महिने कपाटात पडून होतं, मग जून आला आणि आमच्या भिंती घाम गाळायला लागल्या तेव्हा जाग आली.

आधी एका दुकानात गेलो (नाव नाही घेत). तो म्हणे लॅमिनेट करून टाकू, आणि खालचा पांढरा पट्टा उडवतो, फ्रेम छोटी बसेल, तुमचेच पैसे वाचतील. अहो त्या पांढऱ्या पट्ट्यावरच तर नंबर, नाव, वर्ष सगळं आहे! उचललं आणि बाहेर पडलो.

मग शेजारणीने गोखले रोडच्या मागच्या गल्लीतलं हे दुकान सांगितलं. दुकान कसलं, अर्धं शटर आणि एक काका, पण काकांनी पहिलं काय केलं तर हात धुतले, पुसले आणि मग भिंग काढलं. हा लाल शिक्का कसला विचारलं. तो इग्लूचा शिक्का, त्यांच्या सोसायटीचा, 1959 पासून कलाकारांचीच को-ऑपरेटिव्ह आहे तिथे. मी जेवढं वाचलं होतं तेवढं सांगत सुटलो, की चित्र काढणारा एक, ते सपाट दगडात कोरणारा दुसराच, मग दगडावर शाई लावून वर कागद ठेवून हाताने घासायचा, पन्नास प्रती झाल्या की दगडावरचं चित्र घासून टाकायचं म्हणजे एक्कावन्नावी निघायलाच नको. आणि कागद जपानी, कारण ज्याने हा छापखाना सुरू करून दिला तो जेम्स ह्यूस्टन स्वतः जपानला जाऊन शिकून आला होता. काका म्हणाले, तरीच म्हटलं हा कागद इतका लवचिक कसा.

आता कामाचं. कागद कुठेही पूर्ण चिकटवला नाही, फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी पातळ कागदाच्या पट्ट्या, त्यापण घरी शिजवलेल्या गव्हाच्या खळीने, म्हणजे पावसाळ्यात कागद फुगला तरी सुरकुती पडायची नाही आणि उद्या काढायचं झालं तर पाण्याने सुटेल. चित्राभोवती अॅसिड-फ्री माउंट, म्हणजे कागद पिवळा न पाडणाऱ्या जाड पुठ्ठ्याची चौकट, तिच्या जाडीमुळे काच चित्राला टेकत नाही. माउंटची खिडकी मुद्दाम मोठी कापली, खालचं पेन्सिलचं लिखाण पूर्ण दिसतं. मागे चार रबरी बुटुकल्या, भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते. बाहेरच्या भिंतीवर लावू नका, बुरशी धरेल, हे तीनदा बजावलं.

दुकानात तलासरीचा एक मुलगा कामाला आहे, त्याची आत्या लग्नात घराच्या भिंतीवर चौक, म्हणजे वारली लग्नचित्र, लिहायला जाते (वारली लोक काढणं नाही म्हणत, लिहिणंच म्हणतात). तो घुबडाकडे बघत म्हणाला, आमचं भिंतीवरचं चित्र लग्न झालं की काही दिवसात जातं, यांचं दगडावरचं पण जातंच की. मी गप्प. मग मोबाईलवर त्याच गावच्या ऍनी पूटूगुकची चित्रं दाखवली, जमिनीवर बसून टीव्ही बघणारं घर, व्हिडिओ गेम खेळणारी पोरं. तिची आजी पित्सिओलाक आशुना जुनं तंबूतलं, शिकारीचं आयुष्य काढायची आणि नातीने 2006 ला कॅनडातलं कलाकारांचं मोठं सोबी अवॉर्ड घेतलं ते हे असलं स्वयंपाकघर आणि सोफा काढून. मला स्वतःला घुबडापेक्षा तीच जास्त आवडते, पण भाच्याला कोण सांगणार. मुलगा म्हणाला आमच्याकडे पण आता वारलीत ट्रेन काढतात, तर गिऱ्हाईक येऊन म्हणतं ट्रेन नको, तारपावालाच द्या (तारपा म्हणजे वारल्यांचं ते लांब फुंकायचं वाद्य). काका हसले, म्हणाले मीच दहा तारपे फ्रेम केलेत या महिन्यात.

तक्रारी. आठ दिवस सांगितले, सतरा लागले, आणि फोन उचलतच नाहीत. काचेच्या आत एक धुळीचा कण राहिलाय, डाव्या पंखाजवळ, एकदा दिसला की तोच दिसतो. परत नेली तर लगेच उघडून देतो म्हणाले पण रिक्षात ती फ्रेम मांडीवर घेऊन परत जायची हिंमत नाही. 2,850 रुपये झाले, साधी फ्रेम हजारात होते हे मलाही माहितीय, पण माउंट आणि खळीचं काम बघता महाग नाही वाटलं.

दुपारी एक ते चार बंद. गाडी नेऊ नका, लावायला जागाच नाही.